गोळीने बीपी नॉर्मल आलं, मग आता बंद का करू नये?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तुमचं वय ४७. चार महिन्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत बीपी १६४/१०२ निघालं, आठवड्याने पुन्हा मोजलं तेव्हाही १६०/१००. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी रोज एक दिली, शिवाय मीठ कमी करायला आणि चालायला सांगितलं. तीन महिन्यांत बीपी १२६/८० वर आलं. मधल्या काळात घोट्याशी थोडी सूज येऊ लागली. त्यात घरातल्या कुणीतरी "एकदा चालू केली की सुटत नाही, आणि पुढे किडनी जाते" असं सांगितलं. तुम्ही गोळी थांबवली. चौथ्या दिवशी मोजलं तर १३०/८४. मग गोळीशिवायच नॉर्मल राहतंय तर नुसत्या पथ्यावर आणि चालण्यावर भागणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. सोबत हेही लिहिलंय की वडिलांना ६१ व्या वर्षी पक्षाघात झाला होता, आणि ७९ वर्षांच्या आईला बीपीच्या गोळ्या चालू असताना उठल्यावर चक्कर येते.

आधी सरळ उत्तर. गोळी आजच पुन्हा सुरू करा आणि सुजेसाठी याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. गोळी कधीच कमी होणार नाही असं मी म्हणत नाही, ते कसं करायचं तेही पुढे लिहिते. पण चौथ्या दिवशीच्या एका आकड्यावर हा निर्णय घेता येत नाही, कारण तो आकडा फसवा आहे.

ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं. रक्तातलं निम्मं औषध जायला ३० ते ५० तास लागतात, उरलेल्यातलं निम्मं जायला पुन्हा तेवढेच. टेल्मिसार्टनलाही या हिशेबाने साधारण एक दिवस लागतो. म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही पट्टा बांधला तेव्हा अंगात ॲम्लोडिपिनचा दहावा ते चौथा हिस्सा अजून शिल्लक होता. औषध पूर्ण गेल्यावरही बीपी एका रात्रीत उसळत नाही. कुणाचं दोन आठवड्यांत मूळ पदावर येतं, कुणाचं दोन महिन्यांत. हा सावकाश चढच घात करतो. माणूस आठवडाभर रोज मोजतो, सगळं बरं दिसतं, मग मोजणं सोडतो. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात येतो तेव्हा १७०/१०५ असतं आणि तो म्हणतो, "पण गोळी बंद केल्यावर मी तपासलं होतं की." असं म्हणणारे पेशंट मी २६ वर्षं पाहते आहे, आणि त्यातला कुणीही खोटं बोलत नसतो.

"मला काहीच त्रास नव्हता" हे तुमच्या पत्रातलं वाक्य. बहुतेकांना नसतोच. डोकं दुखणं, गरगरणं, मानेत ओढ यांवरून बीपी ओळखता येत नाही. १८० असताना माणूस निवांत असतो आणि १२० असताना डोकं ठणकत असतं. मात्र एक जागा अशी आहे जिथे चिरफाड न करता बीपीचं काम डोळ्यांनी दिसतं: डोळ्याचा पडदा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिलं की निरोगी माणसाच्या बारीक धमन्या लालसर, सरळ, मऊ दिसतात. बरीच वर्षं बीपी वाढलेलं असेल तर त्या अरुंद होतात, त्यांची भिंत जाड होऊन तांब्याच्या तारेसारखी चकाकते, आणि जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे खालची शीर दाबली जाऊन मध्येच तुटल्यासारखी दिसते. मी हे पहिल्यांदा ज्यांच्या डोळ्यात नीट पाहिलं, त्या माणसाला कसलाही त्रास नव्हता. त्याचा चष्म्याचा नंबर तेवढा बदलला होता. डोळ्यात हे दिसतं तेव्हा मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांतही थोड्याफार फरकाने तेच चाललेलं असतं.

आणि हे रोखता येतं, याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० च्या वर नोंदलेलं आहे. जगातला सर्वांत मोठा अधिकार हाती असलेल्या माणसालाही त्या वेळी देण्याजोगं चांगलं औषध डॉक्टरांकडे नव्हतं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यात होते. दीड-दोन वर्षांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांवर गंभीर प्रसंग आला, औषध घेणाऱ्या ७३ जणांपैकी फक्त २ जणांवर. बीपीची गोळी नुसता आकडा खाली आणते की माणूस वाचवते, या शंकेचं उत्तर त्या दिवशी मिळालं. तुमचं बीपी त्या लोकांएवढं नाही, हे खरं. पण २००२ मध्ये दहा लाख लोकांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात दिसलं की ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. तुमचे १६४ आणि आताचे १२६ यांतलं अंतर किती आहे ते तुम्हीच बघा. त्यात वडिलांचा पक्षाघात ६१ व्या वर्षीचा. तुमच्या बाबतीत मी हा धोका पत्करणार नाही.

किडनीबद्दल जे ऐकलंत ते उलटं आहे. मूत्रपिंड खराब होण्याच्या मोठ्या कारणांत मधुमेहानंतर उच्च रक्तदाबाचंच नाव येतं, आणि टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं लघवीतून प्रथिनं जात असतील तर मूत्रपिंड वाचवण्यासाठी मुद्दाम दिली जातात. गैरसमज कुठून येतो तेही सांगते. ही औषधं मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, थोडं वाढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो. त्याहून जास्त वाढलं, किंवा पोटॅशियम चढलं, तर औषध थांबवून कारण शोधतो. म्हणून अशी गोळी सुरू केल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं. तुमच्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर या भेटीत करून घ्या, आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी हेही एकदा बघून ठेवा. किडनीला खरा धक्का पुष्कळदा दुखण्याच्या गोळ्यांनी बसतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, पाणी धरून ठेवतात, आणि बीपीच्या औषधांच्या जोडीला किडनीवर ताण आणतात. पाठ दुखते म्हणून महिनोन्महिने त्या घेणाऱ्याचं बीपी आटोक्यात येत नसेल, तर मी आधी त्या गोळ्या सोडवते.

आता मोजण्याबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं मोजण्यावर उभं आहे. मागच्या महिन्यातली गोष्ट. एक बाई घरचं यंत्र आणि वही घेऊन आल्या. वहीत रोजचे १५० च्या पुढचे आकडे, आणि माझ्याकडे मात्र दर वेळी १३२, १३४. सहसा याच्या उलट होतं, दवाखान्यात धसक्याने वाढतं आणि घरी कमी असतं. मी म्हटलं, "घरी मोजता तसंच इथे मोजून दाखवा." त्या स्टुलावर बसल्या, पाठीला टेका नाही, पायावर पाय. स्वेटरची बाही वर सरकवली, ती दंडावर करकचून बसली. तिच्या खाली पट्टा बांधला. हात तसाच लोंबता ठेवला आणि बटण दाबून मला सांगू लागल्या की काल किती आलं होतं. यंत्राने १५२ दाखवलं. मग त्यांना खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीला सपाट, बाही काढून दंड मोकळा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. पुन्हा मोजलं तर १३४, मिनिटाने १३१. यंत्र चांगलं होतं. मी त्यांची गोळी वाढवली असती तर महिन्याभरात त्या चक्कर येऊन पडल्या असत्या.

तुम्ही असंच करा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवी करून या, तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो. पाच मिनिटं शांत बसा, मोजताना बोलू नका. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा बीपी खोटंच जास्त दाखवतो. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचं यंत्र भरवशाचं, आणि घड्याळावर दिसणाऱ्या बीपीवरून औषधाचा निर्णय घेऊ नका. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं मोजा, ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे वापरा. दोन हातांत सतत १५ च्या वर फरक येत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

रोज उठून मोजायची गरज नाही. काहीजण दिवसातून दहादा मोजतात, प्रत्येक आकड्याने घाबरतात आणि त्या घाबरण्यानेच पुढचा आकडा वाढतो. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस धरा. सकाळी गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि रात्री झोपण्याआधी तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्यावर गेली तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यातली रेषा बहुतेक ठिकाणी १४०/९० आहे, अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ पासून ती १३०/८० केली. उपचार चालू असताना तुमच्या वयाच्या माणसाला मी १३०/८० च्या खाली नेते, गोळी सोसत असेल तर. आकडे दिसतील तसे लिहा. शेवटी शून्य आणि पाचच असलेली वही माझ्याकडे पुष्कळदा येते, आणि ती पाहून मला काहीच ठरवता येत नाही. १३७ असेल तर १३७ लिहा.

घोट्याच्या सुजेकडे येऊ. ती ॲम्लोडिपिनमुळे असण्याची शक्यता बरीच आहे. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी ऊतींत पाझरतं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटते आणि सकाळी सूज उतरलेली असते. शरीरात जादा पाणी साठलेलं नसल्याने लघवीच्या गोळीचा या सुजेवर फारसा उपयोग होत नाही. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हा खरा उपाय, आणि डॉक्टरांच्या हातात तो करण्याचे बरेच मार्ग असतात. मात्र सूज एकाच पायाला असेल, किंवा धाप लागत असेल, सपाट झोपल्यावर श्वास कोंडत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे, त्याच दिवशी दाखवा.

सुरुवातीलाच दोन औषधं का, असंही तुमच्या मनात आलं असेल. बीपी वाढवणाऱ्या यंत्रणा शरीरात एकापेक्षा जास्त आहेत. एक दाबली की दुसरी भरपाई करायला बघते. २००९ मध्ये ४२ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातलं औषध जोडल्याने सुमारे पाचपट जास्त फरक पडतो असं दिसलं. डोस वाढवला की दुष्परिणाम मात्र वाढत जातात. म्हणून १६०/१०० च्या आसपास असणाऱ्याला दोन औषधं थोड्या डोसात, एकाच गोळीत देणं आता रीतीचं झालंय. दोन आहेत म्हणून तुमचा आजार दुप्पट गंभीर, असा त्याचा अर्थ नाही.

इतर गटांबद्दल थोडक्यात. एनालाप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल या "प्रिल"वाल्या औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तो कफाच्या औषधाने जात नाही, गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र ती तातडीची बाब आहे, पुन्हा ते औषध घ्यायचं नाही. "प्रिल" आणि "सार्टन" दोन्ही एकत्र घेऊ नयेत, आणि गरोदरपणात यातलं कुठलंही नको. मूल हवं असेल तर आधीच सांगून औषध बदलून घ्यावं. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळ्या स्वस्त आणि फार गुणकारी, पण सोडियम, पोटॅशियम आणि युरिक ॲसिडवर लक्ष ठेवावं लागतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारा औषधांचा गट) आणि क्लोनिडिन ही बीपीची औषधं एकदम बंद केल्यास बीपी किंवा नाडी झपाट्याने वर जाऊ शकते. तुमच्या गोळीत यातलं काही नव्हतं, म्हणून तुमचे ते दिवस बिनबोभाट गेले. पण हे वाचून दुसऱ्या कुणी आपली गोळी तशी बंद करू नये.

गोळी सकाळी की रात्री? २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासात फरक दिसला नाही. तुम्हाला जी वेळ आठवते ती धरा, दात घासण्याच्या ब्रशशेजारी पाकीट ठेवा. एखाद्या दिवशी राहिली तर आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा, दोन एकदम घेऊ नका. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर मात्र डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी "सार्टन" आणि लघवीच्या गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागू शकतात.

तुम्ही मनापासून केलेल्या पथ्याचं आणि चालण्याचं मोल मला कमी करायचं नाही. त्याचा परिणाम आकड्यांत सांगते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश अभ्यासात भाज्या, फळं, सालासकट धान्य, कमी स्निग्धांशाचं दूध असं जेवण दिलं गेलं. बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने आणि खालचा साडेपाचने उतरला, तोही आठ आठवड्यांत. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यामागे साधारण एक अंक उतरतो. नियमित भरभर चालण्याने, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने आठवड्याला १५० मिनिटं, पाच ते आठ. हे सगळं जमवलं तर एका गोळीएवढं, कधी त्याहून जास्त काम होतं. पण हे आकडे एकमेकांत सरळ मिळवता येत नाहीत, आणि १६४ वरून १३० च्या खाली एवढ्याने क्वचितच येतं.

मिठावर सगळ्यात जास्त बोलायला हवं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा एक सपाट छोटा चमचा झाला, आणि त्यात स्वयंपाकातलं, ताटातलं, पाव, सॉस, चीज, पाकिटातले पदार्थ यांतलं सगळं मीठ धरायचं. वेष्टनावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ कळेल. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. सैंधव, समुद्री मीठ, गुलाबी मीठ यांतही सोडियम जवळपास तेवढंच असतं, महाग घेतल्याने बीपीला काही फरक पडत नाही. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या रोज घेत असाल तर त्यांतूनही बरंच सोडियम जातं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिले काही आठवडे जेवण पांचट लागेल, मग जीभ सरावते आणि जुनी चव उलट खारट लागू लागते.

कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही हिस्सा पोटॅशियम असतं. २०२१ मध्ये चीनच्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मला ते आवडतं, पण तुम्हाला मी आत्ताच सुचवणार नाही. टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. आधी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघा, ते ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि नंतर पुन्हा तपासा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये.

दारू जितकी कमी तितकं बीपीला बरं. सिगारेटमुळे रोजचं बीपी फारसं वाढलेलं दिसलं नाही तरी रक्तवाहिन्यांचं नुकसान दुपटीने होतं, ती सोडाच. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, कारण त्या आजाराने तीन-तीन गोळ्यांनाही बीपी दाद देत नाही. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि रोज घेतलेलं ज्येष्ठमध यांनीही बीपी चढतं. ज्येष्ठमध निरुपद्रवी समजून महिनोन्महिने घेणारे असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता गोळी कमी करण्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. मी काही पेशंटच्या गोळ्या कमी केल्या आहेत, थोड्यांच्या बंदही केल्या आहेत. ज्यांनी दहा-बारा किलो वजन उतरवलं आणि टिकवलं, दारू सोडली, किंवा ज्यांचं बीपी मुळात दुसऱ्या औषधाने वाढलेलं होतं, असे ते लोक होते. सुरुवात १६०/१०० वरून झालेल्यांपैकी बहुतेकांना निदान एक औषध चालू ठेवावं लागलं. मी सहसा असं करते: सहा महिने ते वर्षभर घरची सरासरी सतत १२० च्या आसपास हवी, मूत्रपिंड, हृदय, डोळे ठीक हवेत. मग दोनातलं एक औषध कमी करायचं, दुसरं चालू. चार आठवड्यांनी सात दिवसांची मोजणी, तीन महिन्यांनी पुन्हा, त्यानंतर दर सहा महिन्यांनी. १३०/८० च्या वर जाऊ लागलं की गोळी परत. तुमच्या बाबतीत सूज असल्याने पहिला बदल बहुधा ॲम्लोडिपिनमध्येच होईल. तुम्ही वजन लिहिलेलं नाही. ते जास्त असेल तर तुमच्या हातात अजून बरंच आहे.

एखाद्या दिवशी अचानक १८०/१२० दिसलं तर आधी लक्षणं बघा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हाता-पायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, नजर अंधारणं, यातलं काहीही असेल तर मोजत बसू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. काहीच नसेल तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, गोळी राहिली असेल तर ती घ्या, आणि तरी तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात पाडण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू नका, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झालेले पेशंट आम्ही पाहिलेत.

आईंची चक्कर वेगळी हाताळायला हवी. त्यांच्या गोळ्या मनाने बंद करू नका. ऐंशीच्या पुढच्या लोकांनाही औषधाचा फायदा होतो, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध घेणाऱ्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते, आणि तिथे ध्येय १५०/८० असं सबुरीचं ठेवलं होतं. आधी घरी एवढं करा: आईंना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. पट्टा दंडावरच राहू द्या, दुसरा माणूस धरायला शेजारी असू द्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर चक्करेचं कारण मिळालं. ते तिन्ही आकडे आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या, लघवीच्या, दुखण्याच्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. तोवर त्यांनी पलंगावरून एकदम उठू नये. कुशीवर वळावं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसावं, पावलं वर-खाली हलवावीत आणि मग आधार धरून उभं राहावं. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर दिवा लावून ठेवा.